कापायचे किती, कापायचे केव्हा

मोठ्या आतड्याच्या गंभीर आजारांचे निदान आणि शस्त्रक्रिया : एक आढावा

एके काळी मोठ्या आतड्याच्या आजारात सर्जनपुढे एकच प्रश्न असे : पोट उघडले तर रोगी वाचेल का? भूल, रक्त, प्रतिजैविके आणि सीटी स्कॅन यांनी तो प्रश्न बराचसा मिटवला. त्याच्या जागी आता तीन प्रश्न उभे आहेत. आतडे किती कापायचे, केव्हा कापायचे, आणि काही रोग्यांत कापायचेच का? या तिन्हींवर जगभरचे जाणकार आज एकमताचे नाहीत. आपल्याकडे यात चौथ्या प्रश्नाची भर पडते आणि माझ्या मते तो सर्वांत जड आहे : रोगी सर्जनपर्यंत पोहोचतो तेव्हा किती महिने वाया गेलेले असतात?

हे आतडे पोटाच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात, अपेंडिक्सपाशी सुरू होते. तिथून वर चढते, यकृताखालून आडवे डावीकडे जाते, खाली उतरते आणि नागमोडी वळण घेऊन गुदाशयाला मिळते. लांबी साधारण दीड मीटर. उजवी बाजू रुंद, तिच्यातला मळ पातळ. त्यामुळे तिथली गाठ अडथळा न करता वाढत राहते, थोडे थोडे रक्त झिरपते आणि माणूस फक्त फिकट पडत जातो. डावी बाजू अरुंद, मळ घट्ट. तिथली गाठ शौचाची सवय बदलते किंवा एके दिवशी आतडेच बंद पाडते. आजार एकच असला तरी उजव्या आणि डाव्या बाजूचे रोगी वेगळ्या तक्रारी घेऊन येतात. निदानातला अर्धा घोळ इथूनच सुरू होतो.

मागचा रस्ता

१७९३ मध्ये फ्रान्समधल्या ब्रेस्ट शहरात ड्युरे या सर्जनने गुदद्वाराविना जन्मलेल्या तीन दिवसांच्या बाळाच्या पोटावर शौचाची वाट काढली. ते बाळ पुढे पंचेचाळीस वर्षे जगले. भूल आणि जंतुनाशके नसलेल्या त्या काळात असे यश अपवादच होते.

गुदाशयाच्या कॅन्सरची आधुनिक शस्त्रक्रिया लंडनच्या अर्नेस्ट माइल्सपासून मोजतात. खालच्या बाजूने गाठ काढलेल्या आपल्याच ५७ रोग्यांचा त्याने पाठपुरावा केला, तर ५४ जणांत कॅन्सर परतला होता. अपयशाचा हा हिशेब त्याने लपवला नाही. रोग वरच्या लसिका ग्रंथींकडे पसरतो, तेव्हा पोट आणि गुदद्वार अशा दोन्ही बाजूंनी जाऊन सगळेच काढले पाहिजे, असे त्याने १९०८ मध्ये मांडले. रोगी वाचू लागले, पण पोटावर कायमची पिशवी घेऊन. पॅरिसच्या आंरी हार्टमनने १९२१ मध्ये वेगळी वाट सांगितली : रोगट भाग काढा, खालचे टोक शिवून आत ठेवा, वरचे टोक पोटावर आणा. आतडे फुटून मध्यरात्री दाखल झालेल्या रोग्यावर आजही कितीतरी ठिकाणी हीच शस्त्रक्रिया होते.

१९३२ मध्ये लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयातले पॅथॉलॉजिस्ट कथबर्ट ड्यूक्स यांनी गाठ किती खोल गेली आणि ग्रंथींत पोहोचली का, यावर रोगाचे टप्पे ठरवले. १९६९ मध्ये न्यूयॉर्कला वुल्फ आणि शिन्या यांनी दुर्बिणीतून तारेचा फास टाकून पॉलिप, म्हणजे आतड्याच्या अस्तरावर उगवलेली लहान गाठ, काढली. पोट न उघडता कॅन्सर होण्याआधीच त्याचे बीज उचलता येते, ही कल्पना तिथून रुजली. १९८२ मध्ये इंग्लंडच्या बेसिंगस्टोकमधले बिल हील्ड यांनी गुदाशयाभोवतीचे चरबीचे आवरण न फाडता अखंड काढण्याचा आग्रह धरला. जिथे चारात एका रोग्यात कॅन्सर त्याच जागी परत येत असे, तिथे हे प्रमाण दहात एकाच्याही खाली आले. औषध नवे नव्हते, यंत्र नवे नव्हते. नवी होती ती हाताची शिस्त.

निदान : ‘मूळव्याध’ या शब्दाआड

शौचावाटे रक्त पडले की आपल्याकडे पहिला शब्द येतो तो मूळव्याध. रोगी तोच म्हणतो, शेजारी तोच म्हणतात, औषधाच्या दुकानदाराकडे त्याचे मलम तयार असते. बहुतेक वेळा ते खरेही असते, म्हणूनच हा शब्द फसवा ठरतो. मूळव्याध आणि कॅन्सर एकाच माणसाला एकाच वेळी असू शकतात. कोंब दिसले म्हणून वर गाठ नाही असे होत नाही. गुदाशयाच्या खालच्या भागातली गाठ हातमोजा घालून बोटाने तपासली तर पुष्कळदा हाताला लागते. या तपासणीला दोन मिनिटे लागतात, खर्च जवळपास शून्य. तरी ती टळते, कारण रोग्याला संकोच, डॉक्टरला घाई आणि दवाखान्यात पडद्याआड जागा नाही.

दुसरी चुकामूक पंडुरोगाची. पन्नाशीच्या पुरुषाचे हिमोग्लोबिन विनाकारण उतरले, तर रक्त कुठून जाते हे शोधण्यासाठी आतडे तपासावे यावर सगळ्या मार्गदर्शक सूचनांचे एकमत आहे. आपल्याकडे लोहाच्या गोळ्या सुरू होतात, थोडे बरे वाटते आणि शोध थांबतो. बायकांच्या बाबतीत तर पाळी आणि उपासतापास ही कारणे तयारच असतात.

मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातून प्रसिद्ध झालेल्या रुग्णनोंदींत मोठ्या आतड्याच्या कॅन्सरच्या रोग्यांचे सरासरी वय पन्नाशीच्या आत निघाले आणि गुदाशयाचा वाटा मोठा दिसला. पाश्चात्त्य देशांत हे सरासरी वय पुष्कळ अधिक आहे. याचा अर्थ लावताना मात्र जपायला हवे. आपली लोकसंख्याच तरुण आहे आणि दूरच्या मोठ्या रुग्णालयापर्यंत पोहोचणाऱ्यांत तरुण जास्त असतात. तरीही तिशी-पस्तिशीच्या माणसाला ‘या वयात कॅन्सर कसा असेल’ म्हणून परत पाठवू नये, एवढे या नोंदींतून नक्की निघते.

निदानाचा कणा कोलोनोस्कोपीच, म्हणजे गुदद्वारातून दुर्बीण घालून मोठे आतडे पाहणेच, आहे. गाठ दिसते आणि तपासायला तुकडाही घेता येतो. तिचे यश आदल्या रात्रीवर ठरते. पॉलिएथिलीन ग्लायकॉलची पावडर दोन-अडीच लिटर पाण्यात कालवून घोट घोट प्यायची, पिवळसर स्वच्छ पाणी पडेपर्यंत शौचाला जात राहायचे. घरात एकच संडास असेल, किंवा सार्वजनिक संडासापर्यंत गल्ली ओलांडून जावे लागत असेल, तर साठीच्या माणसाची ती रात्र कशी जाते? आतडे नीट साफ नसल्याने तपासणी पुन्हा करावी लागली, तर त्यात चूक नेहमी रोग्याचीच नसते.

सगळ्यांची तपासणी करावी का?

तक्रार नसलेल्या माणसांची सरसकट तपासणी हा या क्षेत्रातला मोठा वाद. अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कृतिगटाने २०२१ मध्ये तपासणी सुरू करण्याचे वय ५० वरून ४५ वर आणले. २०२२ मध्ये युरोपातल्या नॉर्डिक चाचणीचे निकाल आले आणि वाद पेटला. कोलोनोस्कोपीसाठी बोलावणे पाठवलेल्यांत दहा वर्षांत कॅन्सरचे प्रमाण ०.९८ टक्के, न बोलावलेल्यांत १.२० टक्के, कॅन्सरने झालेल्या मृत्यूंत ठळक फरक नव्हता. एक पक्ष म्हणतो, एवढ्या खटाटोपाच्या मानाने लाभ माफक आहे. दुसरा म्हणतो, बोलावलेल्यांपैकी ४२ टक्केच आले. न आलेल्यांचा हिशेब तपासणीच्या खात्यावर का मांडायचा? शिवाय मृत्यूंमधला फरक दिसायला दहा वर्षे अपुरी आहेत. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे आणि त्या चाचणीचा पाठपुरावा अजून चालू आहे.

मधला मार्ग मळातले सूक्ष्म रक्त शोधणाऱ्या ‘फिट’ चाचणीचा. जपानने मळातल्या रक्ताची अशी तपासणी नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीलाच देशभर लागू केली. स्पेनमधल्या मोठ्या चाचणीचे २०२५ मधले निकाल सांगतात की, कॅन्सरचे मृत्यू रोखण्यात दर दोन वर्षांनी ‘फिट’ बोलावणे हे एकदा कोलोनोस्कोपीला बोलावण्यापेक्षा कमी पडत नाही.

भारताच्या राष्ट्रीय कार्यक्रमात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख या तीन कॅन्सरची तपासणी आहे. मोठे आतडे त्यात नाही. यामागे तर्क आहे. आपल्याकडे या कॅन्सरचे प्रमाण पाश्चात्त्य देशांच्या मानाने बरेच कमी आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीची ग्रामीण कॅन्सर नोंदणी १९८७ पासून चालू आहे आणि तिथले प्रमाण मुंबईहूनही कमी दिसते. प्रमाण कमी असले की चाचणीत दोष निघालेल्यांपैकी खरे कॅन्सरचे थोडे आणि घाबरलेले निरोगी फार असतात. उन्हाळ्यात टपालातल्या किंवा पेटीतल्या नमुन्यातले हिमोग्लोबिन उष्णतेने मोडते, ही ‘फिट’ची अडचण वेगळीच. समोरच्या बाजूचे म्हणणे असे की, शहरांत आहार आणि वजन बदलले, प्रमाण चढते आहे, आणि वाट पाहण्याची किंमत पुढची पिढी देईल. मला स्वतःला पहिली बाजू आजपुरती पटते, एका अटीवर : ज्यांना तक्रार आहे किंवा ज्यांच्या घरात हा कॅन्सर झाला आहे, त्यांना तरी दुर्बीण वेळेवर मिळाली पाहिजे. आज ती मिळत नाही.

टीबी की क्रोन?

हा आपला खास प्रश्न. पाश्चात्त्य पाठ्यपुस्तकांत याला पानाचा कोपरा मिळतो. तरुण रोगी, पोटात कळा, वजन उतरलेले, बारीक ताप. दुर्बिणीत लहान-मोठ्या आतड्याच्या सांध्यापाशी जखमा आणि आतडे आवळलेले. हा आतड्याचा टीबी असू शकतो, क्रोनचा आजार, म्हणजे आतड्याचा जुनाट दाह, असू शकतो. आडव्या जखमा आणि सताड उघडी राहिलेली झडप टीबीकडे बोट दाखवते. उभ्या लांब जखमा आणि गुदद्वाराजवळचे भगंदर क्रोनकडे. पण ही बोटेच आहेत, पुरावा नव्हे. बायोप्सीत दोन्हींत ग्रॅन्युलोमा दिसतात, आणि फुप्फुसाच्या टीबीत उपयोगी पडणारी जीनएक्स्पर्ट चाचणी आतड्याच्या तुकड्यात पुष्कळदा जंतू पकडू शकत नाही.

म्हणून ‘एकेटी’ सुरू करून पाहण्याची, म्हणजे टीबीची औषधे देऊन गुण येतो का बघण्याची पद्धत रुळली. तिची बाजू भक्कम आहे : टीबीच्या रोग्याला चुकून क्रोनची, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे दिली तर जंतू अंगभर पसरू शकतो. विरुद्ध बाजूही तितकीच गंभीर आहे : क्रोनच्या रोग्याचे सहा-नऊ महिने एकेटीत गेले तर तेवढ्यात आतडे व्रणाने आवळते आणि जी शस्त्रक्रिया टळली असती ती करावी लागते. अलीकडे दोन्ही पक्ष एका मुद्द्यावर जवळ येत आहेत. रोग्याला ‘बरे वाटते’ यावर विसंबू नये. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा दुर्बीण घालून जखमा भरल्या का ते डोळ्यांनी पाहावे. भरल्या नसतील तर निदान बदलावे. नियम सोपा आहे. पण दुसऱ्या दुर्बिणीचा खर्च आणि मजुरी बुडवून पुन्हा शहर गाठणे यांपाशी तो अडतो.

किती कापायचे?

कॅन्सरमध्ये गाठीच्या दोन्ही बाजूंचे आतडे आणि त्याला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्यांलगतच्या ग्रंथी काढायच्या, इथवर वाद नाही. वाद मुळाच्या टोकाचा आहे. जपानी सर्जन पूर्वीपासून वाहिनी जिथे उगम पावते तिथपर्यंतच्या ग्रंथी काढत आले. जर्मनीतल्या एर्लांगनच्या होहेनबर्गर यांनी २००९ मध्ये हील्ड यांचे तत्त्व वरच्या आतड्याला लावले आणि आवरणासह, मुळापर्यंत काढण्याची पद्धत मांडली. डेन्मार्कच्या नोंदींत तिचे रोगी अधिक काळ रोगमुक्त राहिले. उलट, चीनमधल्या रिलार्क चाचणीत, चिठ्ठ्या टाकून गट पाडले तेव्हा, २०२४ च्या निकालांत ठाम फरक सिद्ध झाला नाही. मुळाशी जाताना मोठ्या शिरेला इजा होण्याचा धोका असतो. सगळ्यांना नको, ग्रंथी सुजलेल्या रोग्यांना कदाचित हवी, असा सध्याचा कल आहे.

पोट उघडून की पोटाला लहान छिद्रे पाडून दुर्बिणीतून, हा प्रश्न कोलनपुरता, म्हणजे गुदाशयाच्या वरच्या मोठ्या आतड्यापुरता, २००४ च्या अमेरिकी चाचणीने सोडवला : कॅन्सर परतण्याच्या बाबतीत दोन्ही सारख्या, दुर्बिणीने दुखणे कमी. रोबोटबाबत तसे म्हणता येत नाही. २०१७ च्या रोलार चाचणीत गुदाशयाच्या शस्त्रक्रियेत रोबोटची सरशी सिद्ध झाली नाही. नंतरच्या चिनी चाचणीत ती काही अंशी दिसली. खर्च मात्र निर्विवादपणे जास्त. रोबोट आहे का, यापेक्षा ‘तुम्ही वर्षाला अशा किती शस्त्रक्रिया करता?’ हे विचारणे रोग्याच्या अधिक कामाचे आहे.

गुदाशय राखता येईल का?

आजचा सर्वांत जिवंत वाद इथे आहे. गुदाशय काढून आतडे खाली जोडले तरी कित्येकांना दिवसातून आठ-दहा वेळा जावे लागते, घाई आवरत नाही, प्रवास नकोसा होतो. खालचा जोड दहांतल्या एखाद्यात सुटतो. म्हणून ब्राझीलच्या आंजेलिता हाब्र-गामा यांनी विचारले : आधी रेडिएशन आणि केमो दिल्यावर गाठ पूर्ण नाहीशी झाली असेल तर कापायचे कशाला? २००४ च्या त्यांच्या निबंधावर आधी अविश्वासच व्यक्त झाला. २०१८ मध्ये अनेक देशांतल्या ८८० रोग्यांची नोंद आली. दोन वर्षांत चौघांपैकी एकात गाठ परत उगवली, पण बहुतेक वेळा आतड्याच्या भिंतीतच, जिथे ती दिसते आणि तेव्हाही काढता येते.

समर्थकांसाठी उरलेले तिघे महत्त्वाचे. त्यांचा गुदाशय वाचला. साशंक सर्जन परत उगवलेल्या चौथ्याकडे बोट दाखवतात. अशा रोग्यांत कॅन्सर दूर पसरण्याचे प्रमाण जास्त दिसते, आणि वेळीच कापले असते तर तो पसरला नसता का, याचे खात्रीचे उत्तर नाही. या मार्गाला पहिली दोन वर्षे दर तीन महिन्यांनी बोट, दुर्बीण आणि एमआरआय लागते. गडचिरोलीच्या किंवा सिंधुदुर्गाच्या आतल्या गावातून मुंबई-नागपूरला येणारा रोगी चौथ्या फेरीला आला नाही, तर ‘लक्ष ठेवणे’ हा उपचार उरत नाही. हीच पद्धत पुण्यात राहणाऱ्याला योग्य आणि दुर्गम वाडीतल्या रोग्याला धोक्याची ठरू शकते, हे कोणत्याही परदेशी मार्गदर्शिकेत लिहिलेले सापडणार नाही.

२०२२ मध्ये न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंगमधून आणखी एक बातमी आली. पेशीतली दुरुस्तीची यंत्रणा बिघडलेल्या प्रकारच्या कॅन्सरमध्ये डोस्टारलिमॅब हे रोगप्रतिकाराला जागे करणारे औषध दिलेल्या पहिल्या बाराही रोग्यांची गाठ नाहीशी झाली, शस्त्रक्रिया आणि रेडिएशनशिवाय. नेदरलँड्समध्ये कोलनच्या अशाच रोग्यांना आधी इम्युनोथेरपी देऊन मग आतडे काढले, तेव्हा ६८ टक्क्यांत कॅन्सरचा मागमूस नव्हता. असे रोगी थोडे असतात. कोलनमध्ये शंभरात पंधराच्या आसपास, गुदाशयात त्याहून कमी. औषध बहुतेकांच्या आवाक्याबाहेर आहे. पण प्रकार ओळखण्याची चाचणी बायोप्सीच्या त्याच तुकड्यावर होते आणि तिचा खर्च औषधाच्या मानाने नगण्य आहे. ती प्रत्येकाची करावी, यावर आता फारसा मतभेद नाही.

घाईची शस्त्रक्रिया

अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याच्या अस्तराला सूज आणि जखमा होण्याचा आजार, याच्या तीव्र झटक्यात वादापेक्षा वेळेचे भान मोठे. स्टिरॉइड शिरेतून सुरू केल्यावर तिसऱ्या दिवशीही आठांहून अधिक जुलाब होत असतील, तर दुसरे औषध किंवा सर्जन हा निर्णय तेव्हाच करायचा, हा ऑक्सफर्डचा १९९६ चा निकष टिकून आहे. आतडे काढायला रोगी आणि वैद्य दोघेही कचरतात. पण आतडे फुगून फुटल्यावर केलेल्या शस्त्रक्रियेत जीव जाण्याचा धोका कितीतरी पटींनी वाढतो.

पोटावरची खूण

पिशवी कायमची असो वा तीन महिन्यांची, शस्त्रक्रियेआधी तिची जागा ठरवणे हे काम निबंधांत एका ओळीत उरकते. प्रत्यक्षात स्टोमा (पोटावर काढलेली शौचाची वाट) सांभाळणारी नर्स रोग्याला आधी उभे करते, मग खुर्चीवर बसवते, मग मांडी घालून, मग पुढे वाकायला सांगते. ‘आजी, परकराची नाडी कुठे बांधता?’ विचारते. नाडीखाली, घडीत किंवा हाडाजवळ पिशवीची चकती चिकटत नाही आणि गळते. जमिनीवर बसून जेवणाऱ्या, शेतात वाकून खुरपणाऱ्या बाईच्या पोटावरची जागा खुर्चीत बसणाऱ्या बाईच्या जागेहून वेगळी निघते. मग पक्क्या शाईने एक गोल. रात्री-अपरात्री झालेल्या शस्त्रक्रियेत हा गोल नसतो आणि त्याचे हाल रोगी रोज भोगतो. टाटा रुग्णालयात यासाठी वेगळे स्टोमा क्लिनिक आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी अशी शिकलेली नर्स क्वचितच सापडते.

काय उरले आहे

तरुणांत हा कॅन्सर अनेक देशांत का वाढतो आहे? वजन, आहार, लहानपणची प्रतिजैविके की आतड्यातले काही जंतू, याचा शोध चालू आहे. मुळापर्यंत ग्रंथी काढण्याचा लाभ कुणाला, गाठ नाहीशी झाल्यावर किती वर्षे पहारा ठेवायचा, एकेटी किती आठवड्यांत थांबवायची, ही उत्तरेही यायची आहेत. त्यांतली बरीचशी परदेशी चाचण्यांतून येतील. टीबी आणि क्रोनचे उत्तर मात्र भारतीय रुग्णालयांनाच शोधावे लागेल.

तोवर एक विनंती, वाचकांना आणि तालुक्याच्या डॉक्टरांना. शौचावाटे रक्त गेले, चार-सहा आठवडे शौचाची सवय बदलली किंवा हिमोग्लोबिन विनाकारण उतरले, तर मलम किंवा लोहाची गोळी लिहिण्याआधी बोटाने तपासणी व्हावी. डॉक्टरांनी ती सुचवली नाही तर रोग्याने स्वतः मागावी, आणि ‘दुर्बीण केव्हा करायची?’ हे विचारूनच दवाखान्यातून उठावे.